एकशे सत्तावीस दिवस ठीक

सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली ती एक इंच खाली. दार उघडलं, माझ्याबरोबरचे चौघं काहीच न वाटल्यासारखे बाहेर पडले, एकाच्या बुटाचं टोक कडेला घासलं तेवढंच. माझ्या पायांना ते आधीच कळलं होतं. थांबायच्या जरा आधी पोटात एक हिसका बसला होता, उचकी येता येता राहावी तसा. ब्रेक झिजला की असा हिसका बसतो. बावीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. सवयीनं मी दाराशेजारच्या चौकटीतला तपासणीचा तक्ता वाचला. दर सोमवारची नोंद होती: ब्रेक ठीक, दोर ठीक, दार ठीक. चार महिन्यांचे सोमवार, एकाच शाईत, एकाच तिरप्या हातानं. लिहिणाऱ्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तो मला दिसला. महिनाअखेरीला डब्याच्या झाकणावर तक्ता ठेवून, मागचे सगळे सोमवार एका बैठकीत निकालात काढणारा. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला त्या दिवशी सातव्या मजल्यावर बोलावलं होतं ते अशाच कामासाठी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर त्या मजल्यावरच्या सगळ्या ट्यूबलाइट लागल्या होत्या. सकाळी दाढी करताना आणि नंतर बसमध्ये उभ्यानं मी एकच वाक्य घोकत आलो होतो: हॉस्पिटलच्या कागदावर तारीख चुकली असणार. त्या हिसक्यानं ते वाक्य जागचं हललं आणि काही केल्या परत बसेना.

माझ्या मुलीच्या आजाराचं नाव फॉर्मच्या रकान्यात मावत नाही. मी ते आजवर दोनदाच न अडखळता म्हटलं असेन. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा मला ते माझ्या धंद्याच्या भाषेत कळलं. प्रत्येक लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो, त्यात पाणी झिरपतं, आणि ते उपसायला एक छोटा पंप बसवलेला असतो. आपण खातो त्यातल्या प्रथिनांचं असंच काहीतरी रक्तात साचतं, आणि ते उपसणारा पंप गुंजीच्या अंगात जवळजवळ नाहीच. पाणी चढत चढत डोक्यापर्यंत जातं. मग ती आधी चिडते, मग ओकते, मग झोपते, आणि ती झोप झोप नसते. ही चूक अर्धी माझ्याकडून आली आणि अर्धी आमच्या हिच्याकडून. आम्ही दोघंही ठणठणीत, साध्या सर्दीनं कधी कामावरची रजा घेतली नाही. अशा दोघांच्या चार मुलांत सरासरी एकाला हा आजार होतो म्हणे. आम्हाला दोन झाली आणि दोघांनाही झाला. थोरला अकरा महिन्यांचा असताना गेला, तेव्हा सगळे तापानं गेला म्हणाले आणि आम्हीही तेच म्हणत राहिलो. गुंजी दोन वर्षांची असताना तिचा आजार सापडला, तेव्हा कुठं थोरल्याचं खरं कारण कळलं. तो अशक्त होता म्हणून ही त्याला दिवसातून पाच वेळा दूध आणि अंडं भरवत होती. त्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर बसून हिनं शांतपणे विचारलं, "म्हणजे मीच भरवत होते?" डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्हाला माहीत नव्हतं. ही मान हलवून हो म्हणाली, पण तिनं ते उत्तर घरी आणलं नाही, तिथंच खुर्चीवर ठेवून आली. दुसऱ्या दिवशी तिनं एक इलेक्ट्रॉनिक काटा विकत घेतला. तेव्हापासून आमच्या घरात न मोजलेला घास कुणाच्या तोंडात गेलेला नाही.

गुंजी हे नाव माझ्या बहिणीनं ठेवलेलं, जन्मली तेव्हा ती इवलीशी होती म्हणून. आता नऊ वर्षांची आहे आणि दिसते सहाची. तिला चाळीसपर्यंत आकडे येतात. एके काळी शंभरपर्यंत यायचे. प्रत्येक झटका जाताना काहीतरी घेऊन जातो, आणि काय नेलं ते आम्हाला आठवड्यानं कळतं, घरातली एखादी वस्तू चोरीला गेल्याचं कळावं तसं. डॉक्टरबाईंकडे यावर एक औषध आहे. म्हणजे नाही, असण्याच्या वाटेवर आहे. उंदरांवर चाललं, माणसांना अजून कुणी देऊन पाहिलेलं नाही, कारण ज्यांना द्यायचं अशी माणसंच सापडत नाहीत. मोठ्या औषध कंपन्यांना मूठभर गिऱ्हाइकांसाठी कारखाना लावायचा नसतो. त्यांना शिव्या द्याव्यात असं मला फार वाटतं, पण एकमजली घराला लिफ्ट मीही लावली नसती. डॉक्टरबाई सहा वर्षं दारोदार फिरल्या, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या या संस्थेनं त्यांचं ऐकून घेतलं. ते म्हणाले, चाचणीचा सगळा भार आम्ही उचलतो, पण किमान बारा मुलं हवीत, त्याहून कमी असतील तर निकालाला अर्थ राहत नाही. शिवाय प्रत्येकाची दोन वर्षांची रोजची वही हवी: किती खाल्लं, ओकारी झाली का, झोप कशी लागली. औषधाआधी मूल कसं होतं ते माहीत नसेल तर औषधानं काय केलं ते कसं कळणार, हे मलाही पटलं. बारावं मूल सापडायला तीन वर्षं लागली. त्यांत दोन जुळी, म्हणून आम्ही अकरा घरं एकमेकांना मुलांवरूनच ओळखतो, चष्मेवाल्याचे वडील, जुळ्यांची आई, गुंजीचे बाबा. जुळ्यांची आई चार वर्षांच्या दोघांना एकटी सांभाळते, आणि फोनवर आमच्यात सगळ्यांत जास्त तीच हसते. कधी भेटलो नाही, तरी सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त बोलतो.

वही माझ्याकडे होती, कारण अक्षर माझं चांगलं. ही काट्यावर मोजून वाढायची, गुंजीचं जेवण झालं की ताट उचलून स्वयंपाकघरात जायची आणि तिथून सांगायची: चाळीस भात, साठ बटाटा, पूर्ण. मी लिहायचो. असं वीस महिने बिनचूक चाललं. मग गुंजीला साधी सर्दी झाली आणि त्या सर्दीचं निमित्त होऊन ती सहा दिवस वॉर्डात राहिली. त्यांतले तीन दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेर जायचं म्हणून ती पायरीवर बसली, बूट घातला, नाडीची दोन टोकं दोन हातांत धरली आणि तशीच थांबली. ती नाडी बांधायला तिला शिकवण्यात माझे दोन महिने गेले होते. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तिनं घरातले सगळ्यांचे बूट बांधून ठेवले होते, पाय नसलेले. आता टोकं धरून ती माझ्याकडे बघत होती. "बाबा, हे कुठनं सुरू होतं?" तिनं विचारलं. मी खाली बसून नाडी बांधून दिली. घरी आल्यापासून वही उघडायची राहूनच गेली होती, आणि त्या संध्याकाळी ही स्वयंपाकघरातून आकडे सांगत होती आणि मी पेपर वाचत हं हं म्हणत होतो. दुसऱ्या दिवशीही. वही कपाटावर होती, हात वर केला की लागेल इतक्या अंतरावर. मला ती उघडवत नव्हती, एवढंच सांगता येईल. लिहू नंतर, लक्षात आहे सगळं, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि चार महिने निघून गेले.

मग डॉक्टरबाईंचा निरोप आला की बुधवारपर्यंत वह्यांच्या प्रती जमा करायच्या. रविवारी मी एका इमारतीच्या गच्चीवरल्या मशीनरूममध्ये वही आणि तीन पेनं घेऊन बसलो. आमच्या धंद्यात तक्ता भरणं हेही एक शिकायचं काम आहे, आणि मला ते माझ्या पहिल्या मुकादमानं शिकवलं होतं. पेन बदलत राहायचं, मध्येच घाईत लिहिल्यासारखं लिहायचं, एखाद्या कोपऱ्यावर चहाचा डाग पाडायचा, म्हणजे वरचा साहेब सही करून मोकळा होतो. तोच मुकादम असंही म्हणायचा, "कागदावर काय लिहिलंय ते दोराला वाचता येत नाही, म्हणून आधी दोर बघ." मी त्याचं पहिलं शिकवणं तेवढं नीट लक्षात ठेवलं. शेजारी मोटर फिरत होती, माणसं खालीवर जात होती, आणि मी लिहीत होतो. चाळीस, साठ, पूर्ण. ओकारी नाही. झोप चांगली. ठीक. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. सुरुवातीला खरं वाटावं म्हणून दोन ओकाऱ्या टाकल्या, पुढे त्याही टाकवेनात. त्या वहीत माझी मुलगी एकशे सत्तावीस दिवस जेवत होती, झोपत होती, तिला काही म्हणजे काही होत नव्हतं. उन्हं कलली तेव्हा मी वही मिटली आणि एखादं अवघड काम उरकल्यासारखा खाली उतरलो. चूक मला दिसली नाही. माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की लिहिणं थांबलं ते वॉर्डातून आल्यावर. प्रत्यक्षात शेवटची खरी नोंद वॉर्डात जायच्या आदल्या दिवसाची होती, कारण वॉर्डात वही नेण्याचं भान कुणाला होतं. म्हणजे मी भरलेले पहिले सहा दिवस वॉर्डातले निघाले. हॉस्पिटलच्या कागदावर बेशुद्ध, आणि त्याच तारखेला माझ्या सुंदर अक्षरात: पूर्ण जेवली, झोप चांगली, ठीक.

आत लांब टेबलाशी पाच जण होते आणि एका कडेला डॉक्टरबाई. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि धीर द्यावा तशा हसल्या. त्यांना माझ्यावर शंका नव्हती, हॉस्पिटलवर होती. आकड्यांचं काम बघणारी एक तरुण बाई होती, तिनंच ते सहा दिवस शोधून काढले होते आणि त्याबद्दल तीच ओशाळलेली दिसत होती. तिनं मला वहीच्या प्रती दाखवत समजावलं की हे एवढं स्पष्ट झालं की पुढचा मार्ग मोकळा आहे, कारण बाकी नोंद उत्तम आहे. विशेषतः हे चार महिने. बारा वह्यांत इतकी सलग, इतकी स्वच्छ नोंद दुसरी नाही, म्हणून लहान मुलांचा पहिला डोस ठरवताना तिनं याच महिन्यांचा आधार घेतला होता. गुंजी वजनानं लहान, त्यामुळे तिच्यावरून चार वर्षांच्या जुळ्यांचा अंदाज बांधता येतो. ती हे कौतुकानं सांगत होती आणि मला तीन पेनं दिसत होती. त्यांतलं एक मी मुद्दाम संपत आलेलं घेतलं होतं. मधल्या खुर्चीवर पांढऱ्या भुवयांचे एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांच्याकडे बघून बोलत होते. त्यांनी विचारलं, अक्षर तुमचंच ना, मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "हॉस्पिटलच्या कागदावर तारीख चुकली असेल का?" माझंच घोकलेलं वाक्य त्यांनी ताटात वाढून माझ्यापुढे सरकवलं. मला फक्त हो म्हणायचं होतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती, बारा मुलं बाराच राहिली असती, गुंजीला औषध मिळालं असतं. गुंजीला मिळालं असतं, हे मी तिथं बसून दोनदा मनात म्हणालो. आणि जुळ्यांना ते माझ्या मशीनरूममधल्या रविवारच्या मापानं मिळालं असतं. इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात तेव्हा आपण मध्ये उभे असतो. मी मध्येही नव्हतो. एकीकडे माझी मुलगी होती आणि दुसरीकडे दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा फोनवरचा हसण्याचा आवाज.

"नाही," मी म्हटलं. "तारीख बरोबर आहे. मी नंतर बसून लिहिलंय."

"हे सहा दिवस?"

"एकशे सत्तावीस."

तरुण बाईनं समोरच्या प्रती गोळा करून त्यांच्या कडा जुळवल्या, मग पुन्हा जुळवल्या. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडेही नाही, टेबलावरच्या स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी मला खरं सांगितल्याबद्दल मनापासून धन्यवाद दिले आणि पुढचं सगळं तितक्याच सभ्यपणे सांगितलं. ही वही धरता येणार नाही, अकरा मुलांवर चाचणी मंजूर करण्याचा अधिकार समितीला नाही, पुढचा विचार दोन वर्षांनी, तोवर नव्या वह्या. त्यांनी ओरडायला हवं होतं. कुणी ओरडलं असतं तर मीही काहीतरी बोललो असतो. हात दाखवून अवलक्षण, अशी म्हण मी लहानपणी पाठ केली होती, तिचा अर्थ मला त्या खुर्चीत कळला. दोन वर्षं म्हणजे गुंजीचे किती झटके, याचा हिशोब मला न मांडता येत होता. चाळीस आकड्यांतून किती जातील, माझं नाव जाईल का, हिचं जाईल का, हे मात्र येत नव्हतं.

खाली जाताना लिफ्टमध्ये मी आणि डॉक्टरबाई दोघंच होतो. मला त्यांची माफी मागायची होती, पण सहा वर्षांच्या पायपिटीची माफी कोणत्या शब्दांत मागतात ते मला सुचेना. चौथ्या मजल्याच्या आसपास त्या म्हणाल्या, "निदान मला आधी सांगायचंत." एवढंच. त्यात रागही नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो मला जास्त लागला. तळमजल्यावर पुन्हा तोच हिसका बसला, लिफ्ट पुन्हा इंचभर चुकली, आणि बाहेर पाऊल टाकताना त्या अडखळल्या. मी "जपून" म्हणेपर्यंत त्या सावरून पुढे गेल्याही होत्या. बसथांब्यावर फोन वाजला. जुळ्यांची आई होती. अकरा घरांत त्या दिवशीची तारीख सगळ्यांना पाठ होती.

"झालं का हो?" तिनं विचारलं.

"नाही झालं. माझ्या वहीमुळे."

पलीकडे एक पोर खोकत होतं आणि दुसरं त्याच्यासारखं खोकून दाखवत होतं. मी काय केलं ते तिला सगळं सांगितलं, तिच्या पोरांचा डोस माझ्या खोट्यावरून निघणार होता तेही सांगितलं. कदाचित तिनं मला त्यासाठी तरी बरं म्हणावं अशी आशा असेल. माणूस कुठं कुठं आशा ठेवतो. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. बस आली आणि गेली, नंतरची आली, मी तिच्यात बसलो.

घरी पोचलो तेव्हा ही गुंजीला जेवायला वाढत होती. काटा ओट्यावर, त्यावर वाटी, वाटीत भात एकेक चमचा पडत होता, चाळीस येईपर्यंत. गुंजीनं मला बघून एकोणचाळीस, चाळीस असं मोठ्यानं म्हणून दाखवलं. तिला तेवढं येतं हे मला दाखवायचं होतं. ती जेवायला बसल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि दार अर्धं लोटून हिला सांगितलं. पेपरमागून हं म्हणत होतो ते, मशीनरूम, तीन पेनं, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ, सगळं. ही हातातला चमचा पुसत ऐकत होती. तिनं मला बोल लावावा, चमचा फेकावा, थोरल्याचं नाव घ्यावं, काहीही करावं म्हणून मी थांबलो होतो. ती चमचा पुसत राहिली. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"त्याआधीचे वीस महिनेही खरे नाहीत," ती म्हणाली.

मला कळेना. मी म्हटलं, त्याआधीचं तर तू सांगत होतीस आणि मी लगेच लिहीत होतो.

"मी वाढायचे ते मोजून वाढायचे. पण ती पूर्ण कधी जेवत नव्हती हो. कधी अर्धं, कधी त्याहून कमी. तुम्ही दिवसभर कुणाच्या तरी खड्ड्यात उतरून यायचात आणि वही उघडून विचारायचात, किती. माझ्याच्यानं अर्धं म्हणवायचं नाही. थोरल्यालाही मी असंच, पूर्ण जेवला, पूर्ण जेवला..." तिनं वाक्य सोडलं.

"मग उरलेलं कुठं जायचं?"

"मी खायचे. इथंच, उभ्यानं."

तिनं ओट्याच्या टोकाकडे बोट केलं. तिथं उभं राहिलं की बाहेरच्या खोलीतून कुणाला दिसत नाही. मी त्या जागेकडे बघत राहिलो. म्हणजे मी तिथं खरं सांगून आलो तेही अर्धंच होतं. दोन वर्षांच्या वहीत गुंजी कुठंच नव्हती, आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेत होतो तेवढंच काय ते होतं. बाकी दहा स्वयंपाकघरांत काय लिहिलं जात होतं, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. मला हिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं, आणि यांतलं काहीच न करता मी नळ नीट बंद केला, तो थेंब थेंब गळत होता.

बाहेर गुंजीनं ताट पुढे सरकवल्याचा आवाज आला. ही जाऊन ते घेऊन आली, सवयीनं ओट्याच्या टोकाशी गेली आणि तिथं थांबली. मग परत फिरली, काट्यावर रिकामी वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला, आणि ताटातलं उष्टं चमच्यानं निपटून त्या वाटीत काढलं. भात आणि बटाटा एकमेकांत कालवलेला होता. उरलेलं अन्न त्या काट्यावर कधी चढलेलंच नव्हतं.

"एकसष्ट," ती म्हणाली. "एकसष्ट उरलं. लिहिता?"

वही कपाटावरच होती. मूळ वही, प्रती सातव्या मजल्यावर राहिल्या होत्या. मी नवं पान काढून तारीख घातली. हे कुणाला पाठवायचं नव्हतं, कुणी बघणार नव्हतं, दोन वर्षांनी कुणी मागितलं तर तोवर लिहिण्यासारखं काय उरलेलं असेल ते माहीत नव्हतं. गुंजी माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, पण पेन वहीवर चालताना बघायला आवडतं. मी लिहिलं: वाढलं शंभर, उरलं एकसष्ट. अक्षर माझं नेहमीसारखंच चांगलं आलं.

"ठीक लिहिलंस ना, बाबा?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.